मोहोपाड्याची डिस्को नाईट

मोहोपाडा,
४ डिसेंबर १९८३

आत्या,

जयभीम. आधी खाली बस, पाण्याचा तांब्या जवळ घे, मग पुढं वाच. नाहीतर अर्ध्यातच ओरडशील आणि शेजारची कोंडीबाई काय झालं म्हणून धावत येईल.

आमच्या कंपनीच्या कॉलनीतल्या मंडळानं एकतीस तारखेला 'डिस्को नाईट' ठेवली आहे. असलं इथं आजवर कधी झालेलं नाही. हा तमाशा नव्हे आणि ऑर्केस्ट्राही नव्हे. इथं बसून बघायचंच नाही, आलेल्या प्रत्येकानं नाचायचं. साहेब लोकांसाठी पुढं खुर्च्यांची एक रांग, बाकी सगळं मैदान मोकळं. एका मोठ्या मडक्यावर आरशाचे तुकडे चिकटवलेत, ते टांगून फिरवायचं आणि त्यावर लाल-निळे लाइट मारायचे. स्टेजच्या दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर. काल एक लावून बघितला, तर कॅन्टीनच्या पत्र्यावरचे कावळे जे उडाले ते संध्याकाळपर्यंत परत आले नाहीत.

आता मुद्दा. यांचा ड्रम वाजवणारा पनवेलचा, त्याला झाली कावीळ. मंडळाची तोंडं उतरली. आणि मी जेवणाच्या सुट्टीत आमच्या पॅकिंग खात्यातले रिकामे फायबरचे ड्रम उलटे घालून वाजवत बसले होते, नेहमीसारखी. मोरू म्हणून एक फिटर आहे, मंडळात कॅसिओ वाजवतो. तो दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "जिजा, एकतीसला तूच बस." मी हो म्हणून टाकलं. विचार मागाहून केला.

विचार म्हणजे बाबांचाच, दुसरा कोणाचा? आपल्या घरात ढोलाचं नावही काढायचं नाही. जयंतीच्या मिरवणुकीत कोणी गळ्यात ढोलकी अडकवली तरी बाबा दहा माणसं मागं जाऊन चालतात. मी तुझ्याकडे राहून शाळा शिकले तेव्हा लेझीमच्या पथकात ताशा वाजवायचे, ते तू आणि मी दोघींनी पोटातच ठेवलं.

पण हे मला लपवून करायचं नाही. बाबांनी यावं आणि समोर उभं राहून ऐकावं असं मला वाटतं. तू त्यांची मोठी बहीण, तुझं ते ऐकतात. एकदा गावी जाऊन बोलशील का?

तुझी,
जिजा


कर्जत,
९ डिसेंबर १९८३

जिजे,

तांब्या घेतलावता, तरीबी वरडले. कोंडीबाय आलीच.

पयलं मला सांग, हा मोरू कोन? तुज्या पत्रात बापाचं नाव यायच्या आदी मोरूचं येतं, म्हून इचारते. पोरगा कुनाचा, कुठला, नि तू रिकामे ड्रम बडवतेस तेवा ह्याला दारात उभं ऱ्हायला येळ बरा गावतो! मी दवाखान्यात आया हाय, पन्नास बायांची बाळंतपनं बघितली, मला शानपन शिकवू नको.

आता तुज्या बापाचं. तू तेवा जन्मली नवतीस, म्हून तुला ते नुसतं ऐकून ठावं हाय. मी बघितलंय. दीक्षा घ्यायच्या आदी गावात लगीन असो नायतर पालखी असो, धर्मा ढोल घेऊन सगळ्यांच्या पुढं. इसाव्या वर्साचं पोर, पन हात असा की पार चौक गावापासून मानसं बोलवायला यायची. आनि बोलवायची कशी? "ए धर्म्या, आन रं तुजा ढोल." मांडवाच्या भायेर उनात उभं ऱ्हायाचं. सगळ्यांची जेवनं झाली की उरलंसुरलं आमच्या पदरात. त्येच घेऊन आय घरी यायची नि आमी खायचो. लाज नाय वाटायची, भूक लागायची.

दीक्षा घेऊन आला नि दुसऱ्या दिवशी इळ्यानं चामडं फाडलं, ढोलाचं खोड चुलीत घातलं. तवापासून गावाला बाजा नाय. गावानंबी डूक धरला, कोनी कामाला बोलावना. आमी रानातली कंदं उकडून दिवस काडले. पन धर्मानं मान खाली घातली नाय. त्या चुलीपुढं मी बसले होते गं. माज्या भावाच्या डोळ्यात पानी होतं, नि मला म्हनला, "धूर गेला."

आता तूच सांग, कुठल्या तोंडानं त्याला सांगू की तुजी पोरगी ढोल वाजवनार हाय?

मालनआत्या


मोहोपाडा,
१२ डिसेंबर १९८३

आत्या,

मोरूचं लग्न ठरलंय, वैशाखात आहे, मुलगी नेरळची. तो माझ्याकडे बघत नाही, माझ्या हातांकडे बघतो, तेही ठेका चुकला तरच. झालं समाधान? आता कोंडीबाईलाही सांग, तीही खिडकीत कान लावून बसली असेल.

तू लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. धुराचं मला बाबांनी कधी सांगितलं नाही. पण आत्या, बाबांनी जाळलं ते काय, सांग ना? ती "ए धर्म्या" अशी हाक जाळली. ते उन्हात उभं राहणं आणि ते उरलंसुरलं जाळलं. मी तिथं परत जात नाहीये. मी मंडळाला आधीच सांगून ठेवलंय की मी वाजवणार ती स्टेजवर बसून, बाकीच्यांच्या बरोबरीनं. पाटीवर जसं मोरूचं नाव येईल तसंच माझं पूर्ण नाव येईल, कु. जिजा धर्माजी ओव्हाळ. जेवण सगळ्यांचं एका पंगतीत. त्यांनी मान्य केलंय.

आणि खरं सांगू? मला आवडतं गं वाजवायला. रोज संध्याकाळी तालीम असते. डिस्कोचा ठेका साधाच आहे, पण थांबायचं नाही. गाणं संपलं तरी ठेका चालू ठेवायचा, त्याच्यावरच दुसरं गाणं चढवायचं, म्हणजे नाचणाऱ्याला दम खायची आठवणच होत नाही. हाताला फोड आलेत, त्यावर चिंध्या बांधते. पॅकिंगमध्ये दिवसभर पोती शिवते, लेबलं लावते, तिथं मी नसले तरी दुसरी कोणी ते करील. पण त्या ड्रमपुढं बसले की मला वाटतं, हे माझं आहे.

म्हणून जा ना बाबांकडे. तुझ्याच हातची भाकर खाऊन मी अशी हट्टी झाले, आता भोग.

जिजा


कर्जत,
१९ डिसेंबर १९८३

जिजे,

काल गावाला गेलते. धर्माला आवडते म्हून सुकट घेऊन गेले. तो वालाच्या शेतात होता, तिथंच बांधावर बसून सगळं सांगितलं. आदी तन उपटत ऱ्हायला. मंग इचारतो, "डिस्को म्हंजे काय गं, बाय?" मी उठले नि बांधावरच दोन उड्या मारून दावल्या. लय दिसांनी हसला गं तुजा बाप! मंग इचारतो, "सगळीच नाचतात? बायाबी? साहेबबी?" मी म्हनलं, सगळीच. म्हनला, "नवलच हाय." मला वाटलं, आता जमलं. घरी येऊन भाकऱ्या थापायला बसले.

तेवड्यात सायकलवर तुजा मोरू. घामानं भिजलेला, तोंडभर हसत. म्हनला, "काका, आमच्या सेक्रेटरीसाहेबांचा निरोप हाय. जिजाचा हात बघून ते म्हनले, हिच्या घरचंच हाय हे. तर एकतीसला तुमीबी ढोल घेऊन या. मोठे साहेब गेटवर गाडीतून उतरले की तुमी वाजवत वाजवत त्येना स्टेजपर्यंत आनायचं. शाल नि नारळ देनार हायेत."

जिजे, त्या पोराला वाटत होतं त्यानं लय मोठा मान आनलाय. माज्या हातनं भाकर तव्यावर जळाली.

धर्मा उठला. पोराला पानी दिलं, च्या दिला, सायकलपर्यंत सोडायला गेला. परत आला नि म्हनला, "बाय, इतक्या वर्सात कुनाची टाप नवती मला ढोल घेऊन ये म्हनायची. आज माज्या पोरीनं ती वाट उघडून दिली." जेवला नाय. मी निघताना म्हनला, "तिला लिव. वाजवायचं तर खुशाल वाजव. पन मंग माज्या दारात येऊ नको."

पोरी, सोड आता. तुजी आय गेल्यावर त्यानं तुला पाठीवर घेऊन लावनी केलीय. एका रातीच्या नाचापायी बाप घालवू नको. मी तुज्या पाया पडते.

मालनआत्या


मोहोपाडा,
२३ डिसेंबर १९८३

आत्या,

पाया काय पडतेस? तसलं परत लिहू नको.

तुझं पत्र वाचून मी आधी मोरूला गाठलं. त्याला सगळं सांगितलं, तसा त्याचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, "आमच्या घरात हे कधी कोणी बोललंच नाही गं." काकांनी मला चहा दिला, काकांनी मला चहा दिला, एवढंच म्हणत राहिला. मग आम्ही दोघं मंडळाच्या बैठकीत गेलो. सगळे होते तिथं.

मी सेक्रेटरींना म्हटलं, "माझ्या वडिलांना गेटवर वाजवायला कोणी बोलावलं?" ते हसून म्हणतात, "अगं, त्यात काय वाईट? आपल्या कलेचा मान! तुम्हा लोकांच्या रक्तातच असतं ते."

मी म्हटलं, "रक्तात नाही साहेब, कर्जतच्या शाळेत आहे. लेझीमच्या बाईंनी हातावर पट्ट्या मारून शिकवलं. तुमच्या मुलीला पाठवा, तिच्याही हातात येईल." पोरं हसली. ते जरा तापले. मग मी विचारलं, "तुमचे वडील काय करायचे?" म्हणाले, "पोस्टमास्तर होते." म्हटलं, "मग मोठे साहेब आले की तुम्ही गेटवर पत्रं वाटत पुढं चालाल का? रक्तातच असेल ना?"

कोणी हसलं नाही, आत्या.

मी सांगून टाकलं, गेटवर ढोल वाजणार नाही, कोणाचाच नाही. आणि माझ्या वडिलांना मंडळाचं रीतसर कार्ड जाईल, श्री. धर्माजी ओव्हाळ, पाहुणे म्हणून. साहेबांच्या रांगेत त्यांची खुर्ची राहील. नसेल जमत तर दुसरा ड्रमवाला शोधा. मोरूनं कॅसिओ पेटीत घातला आणि पेटी बंद केली. म्हणाला, "आणि दुसरा कॅसिओवालाही." सेक्रेटरींनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. शेवटी त्यांनी स्वतःच्या हातानं कार्ड लिहिलं. सोबत पाठवतेय, तूच नेऊन दे. मोरूला त्या दारात परत जायची लाज वाटते.

आता तुझ्या 'सोड'चं. परवा रात्री सोडावंसं वाटलं होतं. बाबांचं ते वाक्य फार लागलं गं, उशी भिजली माझी. पण सोडून काय होईल? सेक्रेटरी म्हणतील, बघा, लाजली. आणि बाबांना वाटेल, त्यांच्या धाकानं मी गप्प बसले. त्यांनी ढोल जाळला तो कोणाच्या धाकानं? स्वतःच्या मर्जीनं जाळला, आणि उपाशी राहिले. मीही माझ्या मर्जीनं वाजवणार. त्याची जी किंमत असेल ती मी देईन.

जिजा


कर्जत,
२७ डिसेंबर १९८३

जिजे,

धर्माला कार्ड दिलं. उजेडात नेऊन वाचलं, उलटं करून पाठबी वाचली. म्हनला, "खुर्ची ठेवनार म्हन्तात." मी म्हनलं, हो. "कुनाच्या शेजारी?" साहेबांच्या. "हं," म्हनला, नि इळा घेऊन शेतावर गेला. त्यातनं काय समजायचं ते तूच समज.

तू बधायची नाय नि तोबी नाय. मी दोघांच्या मदी सांडशीत धरल्यागत झाले. एकतीसला मी गावाला जाऊन ऱ्हाते, त्या रातीला तो येकटा नको. म्हून तुज्याकडं येनं व्हनार नाय, वाईट वाटून घेऊ नको.

आनि वाजवायचंच हाय तर नीट वाजव, अर्ध्या मनानं नको. पोस्टमास्तरचं बोललीस ते मी दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं. डाक्टरीनबायपन हसल्या.

मालनआत्या


मोहोपाडा,
१ जानेवारी १९८४

आत्या,

बोटं नीट मिटत नाहीत, म्हणून अक्षर वाकडं येतंय. कानात अजून तो ठेका घुमतोय.

झाली आमची रात्र. सुरुवातीला मला वाटलं, सगळं फसलं. स्पीकर सुरू झाले, आरशांचं मडकं फिरायला लागलं, आणि मैदानात कोणी हलेना. कॉलनीतल्या मुली तोंडावर रुमाल धरून खिदळतायत, कंत्राटी कामगार भिंतीवर पाय सोडून बसलेत, साहेब खुर्चीत ताठ. सगळ्यांना वाटतंय, पहिलं कोण? मी मोरूकडे बघितलं आणि ठेका वाढवला. आणखी वाढवला. छातीत धडधड कुठली आणि स्पीकरची कुठली, कळेना. तेवढ्यात कॅन्टीनमधली सोनुबाई, आमच्यासाठी रोज भात शिजवते ती, तिनं पदर खोचला आणि सरळ मधोमध जाऊन नाचायला लागली! एवढं थोरलं अंग, पण काय नाचली म्हणून सांगू! मग भिंतीवरची पोरं धपाधप खाली उतरली. मग मुली आल्या. मग तर कोण मुकादम, कोण क्लार्क, काही उरलं नाही. धूळ अशी उठली की लाइटसुद्धा मातकट दिसायला लागले. मोठे साहेब उठले, त्यांच्या मागनं बाईसाहेबही. मी एकदाही ठेका सोडला नाही, गाण्यावर गाणं चढवत नेलं. लोक ओरडत होते, "जिजा, थांबू नको!" माझं नाव, आत्या. माझं नाव घेऊन ओरडत होते.

आणि पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. पाठीवर बाबांच्या नावाची चिठ्ठी. धूळ उठल्यावर डोळ्यांवरच्या लाइटनं मला त्या रांगेपलीकडचं काही दिसत नव्हतं, मध्येच एखादा हात, एखादं डोकं चमकायचं तेवढंच. पण खुर्ची स्पष्ट दिसत होती. दर गाण्याला मी बघत होते. सेक्रेटरींनी माइकवरून माझं पूर्ण नाव घेतलं, टाळ्या पडल्या, तेव्हाही ती रिकामीच होती. नंतर सगळे एका पंगतीत जेवलो. मी पंगतीतूनही त्या खुर्चीकडेच बघत होते.

नाही आले. ठीक आहे. येत्या रविवारी मी घरी जाणार आहे. दारात येऊ नको म्हणालेत ना, मग अंगणात बसेन. ते बोलेपर्यंत बसेन, दिवस मावळला तरी उठणार नाही. पण चुकलं म्हणणार नाही, कारण माझं चुकलेलं नाही. शिमग्यालाही असाच डिस्को करायचा म्हणतायत. मी हो म्हटलंय.

जिजा


कर्जत,
४ जानेवारी १९८४

जिजे,

तुज्या बापानं मला शपथ घातलीय की मीच तिला सांगीन, तू बोलू नको. पन तू अंगनात धरनं धरून बसायला निघालीस, म्हून ती शपथ मी मोडते. पाप लागलं तर लागू दे.

एकतीसला सांजच्याला मी गावाला पोचले, तर हा दाढी करून, जयंतीचा पांढरा सदरा घालून उंबऱ्यात उभा. म्हनला, "चल." मी म्हनलं, कुठं? तर माज्यावरच डाफरला, "कुठं म्हंजे? कार्ड आलंय ना?" चौकला येऊन टेंपो धरला. मोहोपाड्याला उतरलो नि रस्त्यावरच तुजा ठेका ऐकू आला. धर्मा तिथंच थांबला. मला वाटलं, आता हा मागं फिरतो. पन तो ऐकत होता गं. मंग म्हनला, "तीच हाय. चल."

गेटवरच्या पोरानं कार्ड बघितलं, "काका, तुमची खुर्ची पुढं हाय," म्हनला. धर्मा म्हनला, "बघतो." नि मागच्या भिंतीकडं जाऊन उभा ऱ्हायला. मी सांगते, जा की पुढं, तर ऐकंना. तुज्याकडं बघतोय, नि पायाचा आंगठा मातीत हलतोय. ती कोन सोनुबाय नाचाया लागली, मंग सगळी लोटली, नि त्या गर्दीत कुन्या कामगारानं धर्माचा हात धरला. म्हनला, "या काका, उभं काय ऱ्हायलाव?"

नि तुजा बाप नाचला, जिजे.

पयलं नुसतं उगा हात हलवले. मंग चपला काडल्या. मंग डोळं मिटून, हात वर करून असा नाचला, असा नाचला, की त्याच्या भवती पोरांनी गोल केला. मी त्याची थोरली बहीन, जन्मापासनं बघते, पन त्याला नाचताना कदीच बघितला नवता. येवडी लग्नं झाली, येवड्या पालख्या झाल्या, सगळा गाव नाचायचा नि हा वाजवायचा. वाजवनाऱ्याला तूबी ये, नाच, असं कोनी म्हनलंच नाय कदी. मला रडायला आलं. रडत रडत मीबी नाचले. कोंडीबायला बोलू नको.

मंग मी म्हनलं, आता तरी चल पोरीकडं. तर म्हनला, "नको. मला बघून तिचा हात थांबंल. वाजवू दे तिला." शिफ्टवाल्यांच्या टेंपोत बसून आमी परत आलो. त्याच्या चपला त्या गर्दीत गेल्या त्या गेल्याच, अनवानी घरी आला नि काटा टोचला तरी हसतोय.

तर रविवारी ये, पन अंगनात बसायला नाय. वालाच्या शेंगा भरल्यात. मडक्यात भाजून पोपटी लावायची म्हन्तो, नि मोरूलाबी घेऊन ये असं त्यानं आपनहून सांगितलंय.

खुर्चीचं मी त्याला टेंपोत इचारलं होतं. म्हनलं, "येवडं श्री लिवून साहेबांच्या शेजारी ठेवलीवती रं पोरीनं, भांडून ठेवलीवती. का नाय बसलास तिच्यात?"

म्हनला, "बाय, बसून कोन नाचतं गं?"

मालनआत्या